पुन्हा पुन्हा सुजणारे वृषण : गोळीआधी लघवी तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्या कुणाला सुचली, त्याने बहुधा याच दुखण्याचा विचार केला असावा. वृत्तपत्रांच्या आरोग्य सदरांतही हा विषय येतो तो चोरपावलांनी आणि दोन ओळींत संपतो : अंडकोषाला सूज आली, प्रतिजैविक घ्या, विश्रांती घ्या. पहिल्या झटक्यापुरता तो सल्ला चुकीचा नाही. पण दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वेळी सूज येणाऱ्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही. तो जुनी चिठ्ठी दुकानात दाखवतो, त्याच गोळ्या आणतो, पाच दिवसांत दुखणे ओसरते, गोळ्या बंद होतात आणि काही आठवड्यांनी सगळे पहिल्यापासून सुरू होते. हे पत्र त्याच्यासाठी आणि त्याला तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देणाऱ्यांसाठी आहे.

आधी शब्दांचा घोळ. ‘अंडकोष’ म्हणजे खरे तर पिशवी. तिच्या आतली ग्रंथी म्हणजे वृषण. (छापील मजकुरात कधी कधी वृषणासाठी ‘अंडाशय’ लिहिलेले आढळते. अंडाशय स्त्रीला असतो. एवढी दुरुस्ती आपल्या संपादकीय विभागाने केली तरी उपकार होतील.) वृषणाच्या मागच्या बाजूला उभी चिकटलेली मऊ पट्टी म्हणजे अधिवृषण. उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल अशी ती एकच बारीक नळी गुंडाळून बसलेली असते. शुक्रजंतू तिच्यात पक्व होतात आणि शुक्रवाहिनीतून वर प्रोस्टेटकडे (मूत्राशयाखालच्या ग्रंथीकडे) जातात. जंतू येतात ते याच वाटेने, पण उलटे : मूत्रमार्ग, प्रोस्टेट किंवा मूत्राशयातून शुक्रवाहिनीमार्गे खाली. त्यामुळे ‘वृषणाला सूज’ म्हणून येणारे बहुतेक रुग्ण मुळात अधिवृषणाच्या दाहाचे असतात. वृषण एक-दोन दिवसांनी त्यात ओढले जाते. फक्त वृषणच सुजले असेल तर गालगुंडासारख्या विषाणूचा विचार करावा लागतो. तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही.

हा शरीररचनेचा तपशील सांगण्याचे कारण असे की, वारंवार होणाऱ्या या आजाराचे मूळ सहसा वृषणात नसतेच. ते वर कुठेतरी असते आणि वृषण फक्त त्याची शिक्षा भोगते. वर न पाहता खालचीच सूज उतरवत राहणे म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत बसणे.

पण कारण शोधायच्या आधी एक धोका बाजूला करावा लागतो : वृषणाला पडलेला पीळ. ‘मागच्या वेळी सूजच होती, याही वेळी तीच असणार’ हा समज इथे वृषण गमावायला लावतो. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचते. बारा तासांनंतर शक्यता झपाट्याने घसरते आणि चोवीस तासांनंतर क्वचितच काही हाती लागते. दुखणे काही मिनिटांत शिगेला पोहोचले, सोबत मळमळ किंवा उलटी आहे, वृषण वर चढून आडवे झाल्यासारखे वाटते, लघवीची काही तक्रार नाही, तर थेट रुग्णालय गाठावे. मग वय काहीही असो. किशोरवयात तर विशेषच. संसर्गाची सूज बहुधा तासा-तासाने, दिवसभरात वाढत जाते. सोबत जळजळ, वारंवार लघवी, स्राव किंवा ताप असू शकतो. ‘वृषण हाताने उचलल्यावर बरे वाटले तर सूज, नाही तर पीळ’ ही परीक्षा अनेकांनी ऐकलेली असते, पण तिच्यावर विसंबू नये. रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी उपयोगी आहे. मात्र संशय दाट असेल तर तिच्यासाठी थांबून शस्त्रक्रिया लांबवत नाहीत.

याचाच एक फसवा प्रकार आहे. वृषणाला पीळ पडतो आणि आपोआप सुटतो. मुलगा तासभर कळवळतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हसत असतो. तपासणीत काही सापडत नाही, म्हणून ‘थोडी सूज असेल’ असे म्हणून गोळ्या दिल्या जातात. असे दोन-तीनदा झाले की ‘वारंवार सूज’ हा शिक्का बसतो. अचानक सुरू होणाऱ्या आणि तितक्याच अचानक थांबणाऱ्या तीव्र कळा हा संसर्गाचा स्वभाव नाही. अशा वेळी दोन्ही वृषणे टाके घालून जागेवर बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया हाच उपाय असतो.

पीळ नाही हे ठरले की आमचा सगळ्यात मोठा आग्रह येतो : पहिली गोळी पोटात जाण्याआधी लघवीचा नमुना द्या. उपचार लगेच त्याच दिवशी सुरू होतात, अहवालासाठी कुणी थांबत नाही. पण गोळीच्या दोन मात्रा गेल्यावर घेतलेले कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) बऱ्याचदा कोरे येते आणि जंतू कोणता होता हे त्या झटक्यापुरते कायमचे हुकते. नमुने दोन, आणि त्यांची पद्धत एकमेकांच्या उलट. क्लॅमिडिया व गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांच्या जनुकीय चाचणीसाठी लघवीची अगदी सुरुवातीची धार, २० ते ३० मिली, धरायची; त्याआधी किमान एक तास लघवीला गेलेले नसावे. नेहमीच्या कल्चरसाठी मात्र जागा स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. ही डबी तास-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी. नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी. उन्हात गाडीच्या डिकीत चार तास राहिलेल्या डबीत जंतू वाढतात आणि अहवाल भलतेच सांगतो.

‘कल्चर निगेटिव्ह’ याचा अर्थ अनेक जण ‘संसर्ग नाही’ असा घेतात. साध्या कल्चरमध्ये क्लॅमिडिया वाढत नाही, मायकोप्लाझ्मा वाढत नाही, क्षयाचा जंतूही वाढत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर आणि कल्चर कोरे, हे चित्र दिसले की शोध संपत नाही, तिथून तो सुरू होतो.

औषध कोणते, हे रुग्णाचे वय आणि लैंगिक संबंध यांवर ठरते. म्हणून डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तर तो चौकशीखोरपणा समजू नये. साधारणपणे पस्तिशीच्या आतल्या, लैंगिकदृष्ट्या सक्रिय पुरुषांत क्लॅमिडिया आणि गोनोरिया आघाडीवर. त्यापुढच्या वयात आतड्यातले जंतू, त्यातही ई. कोलाय. गुदसंभोग करणाऱ्या पुरुषात दोन्ही गटांचा विचार करावा लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या गटासाठी सेफ्ट्रायॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन स्नायूत आणि सोबत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. आतड्यातल्या जंतूंचीच शक्यता असेल तर लिव्होफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, १० दिवस. आणि दोन्हींची शक्यता असेल तर ते इंजेक्शन व लिव्होफ्लॉक्सॅसिन एकत्र. हे आकडे स्वतः दुकानातून आणण्यासाठी नाहीत. आपल्याला मिळालेली चिठ्ठी याच्या कितपत जवळ आहे, हे विचारता यावे म्हणून दिले आहेत.

उपचार फसतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. पाचव्या दिवशी दुखणे थांबते आणि माणूस गोळ्याही थांबवतो. केवळ सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले जाते, जे क्लॅमिडियावर पुरेसे नाही आणि ज्याला गोनोरियाचा जंतू आता मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. कल्चरच्या अहवालात ‘नायट्रोफ्युरँटॉइनला संवेदनशील’ दिसते म्हणून तेच लिहिले जाते. ते मूत्राशयातल्या लघवीत छान साठते, पण प्रोस्टेट आणि अधिवृषणाच्या ऊतींत पुरेसे पोहोचत नाही. अहवाल बरोबर, औषध चुकीचे. आणखी एक बारीक गोष्ट : डॉक्सिसायक्लिन आणि फ्लॉक्सॅसिन गटाची औषधे अँटासिड, लोह, कॅल्शियम, झिंक यांच्या गोळ्यांबरोबर घेतली तर पोटातच बांधली जातात आणि रक्तात नीट उतरत नाहीत. निदान दोन तासांचे अंतर हवे. नेमके किती, हे औषधागणिक बदलते, म्हणून विचारून घ्यावे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते. फ्लॉक्सॅसिन घेताना टाचेच्या वरची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) दुखू लागली तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांत ती तुटण्याचा धोका अधिक असतो.

औषध लागू पडत असेल तर ७२ तासांत ताप आणि दुखणे स्पष्टपणे उतरणीला लागते. तसे झाले नाही तर गोळी बदलून पाहण्याऐवजी पुन्हा तपासणी आणि सोनोग्राफी हवी : आत पू झाला आहे का, रक्तपुरवठा दबला आहे का, निदानच चुकले आहे का. मात्र दुखणे उतरूनही मागच्या बाजूची गाठ, टणकपणा अनेक आठवडे रेंगाळू शकतो. हा बरे होण्याचाच भाग आहे. रोज चाचपून ‘अजून आहे’ म्हणत प्रतिजैविकाचा दुसरा, तिसरा कोर्स घेणारे बरेच असतात; त्यांच्या शरीरात उरते ती औषधाला सरावलेल्या जंतूंची पैदास. दुसऱ्या टोकाला, पूर्ण उपचारांनंतरही गाठ कमीच होत नसेल तर ती तशीच सोडायची नाही. वृषणाचा कर्करोग तरुण वयातला आजार आहे. तो बहुधा न दुखणाऱ्या गाठीने प्रकट होतो, पण काही वेळा दुखऱ्या सुजेच्या वेषातही येतो. सूज उतरल्यावरची सोनोग्राफी त्यासाठीच असते आणि ती टाळू नये.

आता ‘पुन्हा का’ याकडे. तरुण रुग्णात पहिले उत्तर बहुधा जोडीदार हे असते. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल तर लक्षणे सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांतल्या सर्व जोडीदारांची तपासणी व उपचार झाले पाहिजेत आणि दोघांचा कोर्स पूर्ण होऊन लक्षणे जाईपर्यंत संबंध बंद. क्लॅमिडिया झालेल्या स्त्रीला अनेकदा काहीच त्रास जाणवत नाही. ‘तिला काही होत नाही’ हा पुरावा नव्हे. तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. ही माहिती घरात सांगणे अवघड आहे याची जाणीव आम्हाला आहे, पण त्या एका संकोचापायी दोघे महिनोन्महिने एकमेकांना तोच जंतू परत करत राहतात.

चाळिशी-पन्नाशीपुढे उत्तर बहुतेक वेळा लघवीच्या वाटेवर सापडते. वाढलेले प्रोस्टेट, मूत्रमार्ग आकसणे, मूत्राशयातला खडा, मज्जारज्जूच्या विकाराने नीट न रिकामे होणारे मूत्राशय, कायम ठेवलेला कॅथेटर (लघवीची नळी). साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि कुंथताना दाबाने शुक्रवाहिनीत ढकलले जातात. धार बारीक झाली आहे का, सुरू व्हायला वेळ लागतो का, रात्री किती वेळा उठावे लागते, हे प्रश्न म्हणूनच वृषणाच्या रुग्णाला विचारायचे असतात. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीने मूत्राशयात किती शिल्लक आहे ते मोजतात. युरोफ्लो चाचणीत धारेचा वेग कळतो. त्यासाठी किमान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आलेख वाचण्यालायक नसतो. घाईने, अर्धवट भरलेल्या मूत्राशयाने केलेली चाचणी फुकट जाते. वेग कमाल पातळीलाही सेकंदाला १० मिलीच्या खाली राहिला तर अडथळ्याचा संशय बळावतो.

दर झटक्याला कल्चरमध्ये तोच जंतू, तीच संवेदनशीलता येत असेल तर प्रोस्टेट हे त्याचे बिऱ्हाड असण्याची शक्यता मोठी. प्रोस्टेटच्या ऊतीत औषध कष्टाने शिरते, म्हणून दहा दिवसांचा कोर्स तिथे अपुरा पडतो. योग्य औषध चार ते सहा आठवडे लागते. खात्री करायला प्रोस्टेट दाबण्याआधीची आणि नंतरची अशा दोन लघव्या तपासतात. थंडी-ताप भरलेल्या ताज्या संसर्गात मात्र प्रोस्टेट कुणी दाबू नये. जंतू रक्तात जाऊ शकतात. आणि वय कोणतेही असो, वारंवार संसर्ग होणाऱ्याची रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. मधुमेहीत अंडकोषाच्या कातडीवर काळसर डाग, दाबल्यावर करकर, सुजेच्या मानाने असह्य वेदना दिसल्या तर ती रात्र घरी काढण्याची नाही. ऊती सडवणारा हा संसर्ग तासा-तासाने पसरतो.

लहान मुलांत गणित वेगळे. लघवी स्वच्छ असेल तर वयात येण्याआधीची सूज बहुधा जिवाणूंमुळे नसते आणि प्रतिजैविकाशिवाय बरी होते. पण लघवीत संसर्गही सापडला आणि तो परत येत असेल तर मूत्रवाहिनी चुकीच्या जागी उघडणे यासारखे जन्मजात दोष शोधावे लागतात.

चिवट, कमी दुखणाऱ्या, कोर्समागून कोर्स न जुमानणाऱ्या सुजेत क्षय लक्षात ठेवावा. अधिवृषणाचे शेपूट टणक होते, शुक्रवाहिनी माळेतल्या मण्यांसारखी हाताला लागते, कधी अंडकोषाच्या मागे कातडीला भोक पडून पू वाहतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी हे असू शकते. सकाळच्या पहिल्या लघवीचे तीन दिवसांचे तीन नमुने त्यासाठी देतात. फ्लॉक्सॅसिन गटाची औषधे क्षयाच्या जंतूलाही काहीशी दाबतात; रुग्णाला आठवडाभर बरे वाटते आणि निदान महिन्यांनी लांबते. जिथे हत्तीरोग आहे तिथे ताप आणि शुक्ररज्जूची (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, नसा व शुक्रवाहिनी यांच्या जुडग्याची) दुखरी सूज पुन्हा पुन्हा येऊ शकते. जनावरांत वावर असलेल्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या माणसात चढउताराच्या तापाबरोबर ब्रुसेलाची शंका घ्यावी. तो एका औषधाने बरा होत नाही, दोन औषधे निदान सहा आठवडे द्यावी लागतात.

आणि जंतू नसलेल्या सुजा! हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी दिले जाणारे अमिओडॅरोन अधिवृषणात साठते आणि त्याच्या वरच्या टोकाला सूज आणते. मात्रा कमी केल्यावर ती उतरते, पण ते हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच; स्वतः गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. भरल्या मूत्राशयाने जड ओझे उचलताना जंतुरहित लघवीही उलटी शिरून दाह करू शकते, म्हणून उचलण्याआधी लघवीला जाऊन येणे हा अगदी बिनखर्ची उपाय. तोंडात वारंवार फोड, डोळे लाल आणि अधूनमधून वृषणाला सूज, असे एकत्र दिसले तर बेशेट हा आजार तपासावा. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे औषध आत सोडले असेल किंवा नसबंदी झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कित्येक जणांत तर सूज केव्हाच गेलेली असते आणि उरलेली वेदना नसांची असते किंवा मूतखडा, हर्निया, पाठीचा कणा इथून आलेली असते. तिला प्रतिजैविक देणे व्यर्थ आहे.

झटका आला असता घरी करायचे ते थोडके : एक-दोन दिवस पडून राहणे, टॉवेलची घडी मांड्यांमध्ये ठेवून अंडकोष उचलून धरणे, उठल्यावर घट्ट बसणारी चड्डी, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर नको. सुरुवातीला शेक नको, मालीश तर मुळीच नको. आयब्युप्रोफेनसारखी गोळी जेवणानंतर चालते. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

अपत्याची काळजी असणाऱ्यांनी वीर्यतपासणी आजारातच करून घाबरू नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. तीन महिन्यांनी, दोन ते सात दिवस संयम ठेवून केलेली तपासणी खरे चित्र दाखवते. एकाच बाजूचा आजार असेल तर बहुतेकांची क्षमता टिकते.

शेवटी शस्त्रक्रिया, कारण कंटाळलेला रुग्ण स्वतःच म्हणतो, ‘काढूनच टाका.’ आत पू असेल तर तो काढावाच लागतो. एरवी, अधिवृषणात ठळक गाठ आहे आणि वेदना नेमकी तिथेच आहे, तेव्हा ते काढल्यावर गुण येण्याची आशा बरी असते. गाठ नाही, नुसते दुखते, तर अधिवृषण किंवा पूर्ण वृषण काढूनही दुखणे राहू शकते. आधी शुक्ररज्जूत भूल देऊन पाहतात. तिने तात्पुरता आराम पडला नाही, तर वेदनेचा उगम वृषणात नसून दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते आणि सुरी बाजूला ठेवलेली बरी. या टप्प्यावर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला जाताना प्रत्येक झटक्याची तारीख, बाजू, औषधाचे नाव, प्रत्यक्ष घेतलेले दिवस आणि गोळीआधीच्या कल्चरचे अहवाल एका वहीत लावून न्यावेत. ती वही रिकामी असेल, तर नव्या डॉक्टरलाही अंदाजानेच पुढची चिठ्ठी लिहावी लागते.

आपले,
मूत्रविकार उपचारक्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर